दोरवाल्याची भाची

१२ जानेवारी

चि. गोटी हिस अनेक आशीर्वाद.

सोबतच्या खोक्यात पान्यांचा संच आहे. त्याची खरी किंमत काय पडली ते तुला कळायला हवं. हार्डवेअरवाल्यानं संच स्वस्तात दिला, अगदी स्वस्तात. पण त्या बदल्यात मी त्याच्या गोदामातल्या सामानाच्या लिफ्टला तेल घातलं, तिचा वाकडा दरवाजा सरळ करून दिला, आणि ते करत असताना त्याच्या साडूची कहाणी पहिल्यापासून ऐकून घेतली. साडू वाईट माणूस आहे हे मी मध्येमध्ये कबूल करत होतो, नाहीतर तो पाने परत कपाटात ठेवेल अशी भीती होती. घरी आलो तर सदऱ्यावर ग्रीस. मामीनं सदरा धुतला. सदरा वाळला तरी तिचं बोलणं चालूच होतं. तेव्हा पाने जपून वापर. त्यांच्यापायी एका साडूची अब्रू आणि माझा एक चांगला सदरा गेलाय.

तू मेकॅनिकलला गेल्यापासून दुकानात बदल झालाय. म्हणजे माझ्यात. परवा तारवाला म्हणाला, "हल्ली तू जरा छाती काढून चालतोस." मी म्हटलं, "चालणारच. आमच्या बाजूला आता इंजिनिअर येणार. तुमच्या बाजूला कोण येणार? फ्यूज?" इतकी वर्षं आम्ही दोघं मिळून लिफ्टचं दुकान चालवतोय. दोर, पुली, ब्रेक, दरवाजे माझ्याकडे. मोटर, वायरिंग, पॅनेल त्याच्याकडे. लिफ्ट बंद पडली की तो म्हणतो दोष दोराचा, मी म्हणतो दोष तारेचा, आणि आत अडकलेला माणूस म्हणतो, आधी मला बाहेर काढा. आता तू आलीस की दोराची बाजू वरचढ होणार.

एक सांगायचं राहिलं. तू मागे दुकानाच्या फोनवर फोन केलास. पुन्हा करू नकोस. तो फोन अडकलेल्यांसाठी आहे. तू मेसच्या भाजीबद्दल सांगत असताना कुणी दोन मजल्यांच्या मध्ये लटकलेलं असेल तर? घरच्या माणसानं पत्र लिहावं. शिवाय फोनवर माणूस पटकन खोटं बोलून मोकळा होतो. कागदावर खोटं लिहायला वेळ लागतो, तेवढ्यात लाज वाटते.

तुझा मामा

२१ जानेवारी

ती. मामास साष्टांग नमस्कार.

पाने मिळाले. खोलीतल्या मैत्रिणीनं खोकं उघडताना डोकावून बघितलं आणि विचारलं, "तुझ्या घरचे खायला काही पाठवत नाहीत का?" मी म्हटलं, आमच्याकडे माया अशीच असते, लहानापासून मोठ्यापर्यंत मापानं लावलेली.

अभ्यास ठीक चाललाय. ड्रॉइंगमध्ये वर्गात पहिली आले. वर्कशॉपचे सर म्हणाले, "कानस अशी धरायला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, मामानं. ते म्हणाले, "मामांना सांग, येऊन या बाकीच्यांनाही शिकवा."

संध्याकाळी होस्टेलवर फार गोंगाट असतो. म्हणून मी इलेक्ट्रिकलच्या लॅबमध्ये जाऊन बसते. तिथले लॅबवाले काका उशिरापर्यंत दार उघडं ठेवतात. कोपऱ्यात एक जुनं कंट्रोल पॅनेल आहे, त्याला झाकण नाही, आतले रिले, ते टक्-टक् करणारे स्विच, सगळे दिसतात. बसायला बरं वाटतं. काका रोज विचारतात, "तू आमच्या विभागाची नाहीस ना?" मी म्हणते, नाही. ते म्हणतात, "मग जाताना पंखा तूच बंद कर. आमच्या विभागातलं कुणी करत नाही." आता ते कामच माझ्याकडे आलंय.

आई मजेत. तिचा वॉर्ड बदललाय, नवी मेट्रन तिला घाबरते.

मामीला नमस्कार. तारकाकांनाही सांग. नक्की सांग.

तुझी गोटी

३० जानेवारी

चि. गोटी हिस आशीर्वाद.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. तुला ठाऊक आहे, मी लिफ्टमध्ये शिरलो की डोळे मिटून घेतो. कुठं घासतंय ते ऐकू येतं. तुझ्या पत्रातही कुठंतरी घासतंय.

ड्रॉइंगमध्ये पहिली आलीस ते एका ओळीत, आणि लॅबमधला पंखा मात्र अर्धं पान. तारवाल्याला आजवर नुसता नमस्कार सांगायचीस, यावेळी "नक्की सांग". मी सांगितला. तो म्हणाला, "काय हवंय तिला?" बघ, त्यालासुद्धा ऐकू आलं, आणि त्याचा एक कान तर मोटरीशेजारी बसून बसून गेलेला आहे.

होस्टेलवर गोंगाट आहे म्हणतेस. लहानपणी तू मशीनरूममध्ये मोटर घरघरत असताना डोक्याखाली माझी हत्यारांची पिशवी घेऊन गाढ झोपायचीस. तुला गोंगाट कधीपासून टोचायला लागला?

काय असेल ते सांग. नापास होणार आहेस? पैसे हवेत? कुणी त्रास देतंय? त्रास देत असेल तर कळव. मी आणि तारवाला येतो. तो उंच आहे, त्याला नुसतं उभं करू. बोलायचं काम मी करीन.

तुझा मामा

८ फेब्रुवारी

ती. मामास साष्टांग नमस्कार.

नापास होत नाहीये. पैसे आहेत. कुणी त्रास देत नाही, तारकाकांना उगाच उभं करू नकोस.

पण एक गोष्ट आहे खरी. तुला सांगायची आहे आणि कागदावर धीर होत नाही. सुट्टीत येईन तेव्हा समोर बसून सांगेन. आईला सांगितलंय. ती म्हणाली, "मामाला तूच सांग, मी मध्ये पडायची नाही."

यावरून आता तर्क करत बसू नकोस. मला ठाऊक आहे, करशीलच.

तुझी गोटी

१६ फेब्रुवारी

चि. गोटी हिस आशीर्वाद.

तर्क केला.

औषधवाल्याच्या दुकानातून आक्काला फोन लावला. ती म्हणाली, "मला विचारू नकोस, तुझी भाची सांगेल," आणि हसली. आक्का दिवसभर वॉर्डात आजारी माणसांत असते. ती अशी हसली म्हणजे गोष्ट आजाराची नाही, परीक्षेची नाही. मग उरलं काय? रोज संध्याकाळी इलेक्ट्रिकलच्या लॅबमध्ये बसणं, उशिरापर्यंत, आणि वर पंख्याची काळजी. मी लिफ्टवाला असलो तरी एवढं मला जोडता येतं.

मुलगा आहे. इलेक्ट्रिकलचा आहे.

मामीला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, वय काय तिचं! आणि तुम्ही निघालात जावयाच्या चपलांचं माप घ्यायला." पण मी कुणाला न सांगता दोन दिवस विचार केला आणि आता तुला सांगतो. माझी ना नाही.

सुरुवातीला वाईट वाटलं. म्हटलं, एवढं मोठं कॉलेज, आणि हिला नेमका तिथलाच सापडला? सिव्हिलचा चालला असता. केमिकलचाही मी समजून घेतला असता. पण मग म्हटलं, माणूस बघावा, खातं काय बघायचं.

अटी मात्र आहेत. शिक्षण आधी पुरं करायचं, त्यात बोलायला जागा नाही. त्याला एकदा इथं घेऊन ये. बाजारातल्या मोठ्या इमारतीच्या लिफ्टमध्ये त्याला एकट्याला घालीन. मागून एखादं म्हातारं माणूस लगबगीनं येताना दिसलं की तो दार धरतो का वरचं बटण दाबतो, तेवढंच मला बघायचंय. आजवर माणसं मी त्यावरूनच ओळखत आलोय आणि फसलेलो नाही. आणि दुकानात आला की त्यानं माझ्या बाकावर बसायचं. तारवाल्याच्या बाकाकडे फिरकायचं नाही. ते दोघं एकदा पॅनेलवर बोलायला लागले की आपला जावई हातचा गेला.

दरम्यान त्याला थोडं आपल्या बाजूचं शिकव. पुली म्हणजे काय, निदान एवढं तरी.

तुझा मामा

२३ फेब्रुवारी

मामा, मामा, मामा,

तुझं पत्र मेसमध्ये जेवताना उघडलं ही माझी चूक. पाणी नाकात गेलं. मैत्रिणीनं पाठीत धपाटे घातले, मग पत्र ओढून स्वतः वाचलं आणि तिला धपाटे घालायची वेळ माझ्यावर आली. ती म्हणते, असा मामा असेल तर मुलगा शोधायलाच हवा, नाहीतर एवढी चांगली परवानगी वाया जाईल.

मुलगा नाही, मामा. कुणीच नाही. सिव्हिलचासुद्धा नाही.

मलाच इलेक्ट्रिकलला जायचंय.

लिहिलं एकदाचं. आता पुढचं वाच, कागद खाली ठेवू नकोस.

तू दोर तपासायला लिफ्टच्या डोक्यावर चढायचास आणि मला मशीनरूममध्ये पॅनेलसमोर बसवून जायचास. "इथंच बैस, कशाला हात लावू नकोस." मी हात लावला नाही. पण ऐकत बसायचे. तिसऱ्या मजल्यावर कुणी बटण दाबलं की टक्. सातव्यावर दाबलं की टक्. लिफ्ट पाचव्यावर उभी. आता ती आधी कुणाकडे जाणार? मी मनात पैज लावायचे आणि सारखी हरायचे. तुला विचारलं तर म्हणायचास, "ते तारवाल्याचं खातं." तारकाकांना विचारलं तर म्हणायचे, "मोठी झालीस की सांगेन."

मामा, मी मोठी झाले. लिफ्ट वर कशी जाते ते तू शिकवलंस आणि ते मला येतं, आवडतंही. पण ती कुणाची हाक आधी ऐकते, ते मला शिकायचंय. त्या लॅबमधल्या पॅनेलसमोर बसलं की वाटतं, मी अजून तिथंच बसलेय आणि तू वर दोर तपासतोयस.

तू तारकाकांना काय काय ऐकवलं आहेस ते मला ठाऊक आहे. ते आता तुला किती चिडवतील तेही ठाऊक आहे. म्हणूनच धीर होत नव्हता.

पहिल्या वर्षाचा निकाल लागला की शाखा बदलता येते. अर्ज मार्चअखेर द्यायचा, निवड निकालानंतर. अर्ज दिला की सुट्टीत दोन विषय जादा करावे लागतील. आणि मेकॅनिकलची जागा एकदा सोडली की परत मिळत नाही. अर्जावर पालकाची सही लागते. कॉलेजात पहिल्या दिवसापासून पालक म्हणून तुझंच नाव आहे. अर्ज सोबत पाठवतेय.

सही केली नाहीस तर मी मेकॅनिकल पुरं करीन, चांगल्या मार्कांनी, तोंड वाकडं न करता. हा विषय पुन्हा काढणार नाही. पण नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण. गप्प बसू नकोस.

तुझी गोटी

६ मार्च

चि. गोटीस मामीचे आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही, या घरातली शाई तुझे मामाच संपवतात. सध्या त्यांनी पेन खाली ठेवलंय, म्हणून मी उचललं.

तुझं पत्र खिशात घालून हिंडतात. सदरा धुवायला टाकताना काढून घेतात आणि दुसऱ्या सदऱ्यात घालतात. मला एवढंच म्हणाले, "त्यापेक्षा इलेक्ट्रिकलचा मुलगा असता तर परवडलं असतं." काल तारवाले घरी आले. म्हणाले, "वहिनी, याची तब्येत बरी आहे ना? सकाळी लिफ्ट माझ्या पॅनेलमुळे बंद पडली, मी स्वतः कबूल केलं, आणि हा एक अक्षर बोलला नाही." इतके काळजीत होते की मी त्यांना चहा करून दिला तो तसाच ठेवून गेले.

तुला सांगू नको म्हणालेत, म्हणून सांगते. मागच्या सुट्टीत त्यांनी तुला दाराशी उभं करून तुझी उंची मोजली होती ना, किती वाढलीस बघू म्हणून? ते वाढ बघायला नव्हतं. सुताराकडून तुझ्या उंचीचं कामाचं टेबल करून घेतलंय, पुढं पकड बसवलेलं. त्यांच्या टेबलाशेजारी उभं आहे. तू यायच्या आधी कुणी बघू नये म्हणून वर पोती टाकून ठेवलीत. तिथं काय आहे ते दुकानात सगळ्यांना ठाऊक आहे.

मी सांगितलं म्हणून तू काही बदलू नकोस. मी सांगितलं हे त्यांना सांगू नकोस. आणि जेवत जा.

तुझी मामी

१२ मार्च

ती. मामास साष्टांग नमस्कार.

अर्जाचा कागद परत पाठवायची गरज नाही. मी मेकॅनिकललाच राहते. नीट विचार केलाय. ड्रॉइंग मला आवडतं, सरही चांगले आहेत. लॅबमध्ये जाणं थांबवलंय. काकांना सांगून आले.

तू मात्र लिहीत जा. होस्टेलच्या दाराशी टपालाचे खण आहेत. आमच्या खणात हल्ली काही नसतं आणि तरी मी जाता-येता हात घालून बघते.

तुझी गोटी

१९ मार्च

चि. गोटी हिस अनेक आशीर्वाद.

सही केलेला अर्ज सोबत आहे. तू नको म्हटलंयस ते वाचलं. तरी पाठवतोय. का ते ऐक.

मी गप्प बसलो, ते तुझ्यावर रागावून नाही. मला बोलताच येईना. काय म्हणायचं ते मलाच ठाऊक नव्हतं, आणि असं माझं फारसं होत नाही. शेवटी ठरवलं, या विषयातलं ज्याला कळतं त्याला विचारावं. पण तारवाल्याला तुझं नाव घेऊन कसं विचारणार? जन्मभराची चिडवायची सोय झाली असती त्याची.

परवा आम्ही दवाखान्याच्या लिफ्टवर होतो, वर मशीनरूममध्ये. मी ब्रेकचे पट्टे बदलत होतो, तो ब्रशनं पॅनेल साफ करत होता. मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "एका गिऱ्हाइकाची मुलगी आहे. मेकॅनिकल सोडून इलेक्ट्रिकलला जायचं म्हणते."

मला वाटलं, हा आता ब्रश टाकून नाचतो. तो म्हणाला, "वेडी आहे का ती?"

"का रे?"

"अरे, मेकॅनिकलचं काम हाताला लागतं, डोळ्यांना दिसतं. तू नवा दोर घातलास की इमारतीचा मालक वर येतो, बघतो, मान डोलावतो. मी अख्खं पॅनेल नवं केलं तरी कपाटाचं दार लावलं की संपलं. आजवर कुणी म्हटलं, वा, काय रिले बसवलेत? सांग त्या पोरीला, आहेस तिथंच रहा. मला पुन्हा निवडायला मिळालं असतं ना, तर मी दोरच धरला असता."

गोटी, हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकायला मी उभी हयात थांबलो होतो. आणि ऐकलं तर माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "काय बोलतोस तू? दोराला काय कळतं? ओढला की जातो. कुठं थांबायचं, दार उघडं असताना हलायचं नाही, कुणाची हाक आधी ऐकायची, हे सगळं कोण ठरवतं?"

"पॅनेल ठरवतं, पण..."

"पण काय? माणसं आत शिरतात, बटण दाबतात आणि निवांत दाराकडे बघत उभी राहतात. कुणाच्या भरवशावर?"

"ब्रेकच्या," तो म्हणाला.

"आणि ब्रेकला कोण सांगतं, लाग म्हणून?"

"पण लागतो तर ब्रेकच ना! नुसतं सांगून कोण थांबतं? माझ्या सांगण्यावरून तू तरी कधी थांबलास का?"

असं किती वेळ चाललं देव जाणे. तो दोराच्या बाजूनं, मी तारेच्या. खालून वॉर्डबॉय ओरडला, "लिफ्ट दुरुस्त करताय का भांडताय?" आम्ही दोघं एकदम ओरडलो, "थांब रे जरा!" मग तारवाल्यानं ब्रश खाली ठेवला, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "हे गिऱ्हाईक म्हणजे आपली गोटी ना?"

मी पट्ट्याचा स्क्रू पिळत राहिलो.

"मग मघाशी मी जे बोललो ते तिला कळवू नकोस," तो म्हणाला, आणि पॅनेलकडे तोंड करून एकच रिले कितीतरी वेळ पुसत बसला. चिडवलं नाही.

समोरचा जे म्हणेल त्याच्या उलट बाजूला जाऊन उभं राहायचं, ही माझी खोड तुझी मामी रोज भोगते. तारवाला तारेच्या बाजूनं बोलला असता तर मी दोर घट्ट धरून बसलो असतो आणि तुझा अर्ज अजून खिशातच असता. पण त्या दिवशी जे माझ्या तोंडून गेलं ते मी स्वतःच ऐकलं. मला ते पटलं. खाली उतरल्यावर दवाखान्यातल्या बाकावर बसून सही केली. संध्याकाळी घरी आलो तर तुझं बाराचं पत्र आलेलं.

त्या पत्रात काही घासत नव्हतं. सगळं गुळगुळीत. घासणारी लिफ्ट परवडते, गोटी, ती चालू असते. तुझ्या पत्रात आवाजच नव्हता. मला धडकी भरली. तेव्हा माझ्यासाठी म्हणून मेकॅनिकलला राहू नकोस. माझ्यासाठी म्हणून कुणी आवाज बंद करून बसलेलं मला चालायचं नाही.

टेबलाचं मामीनं तुला सांगितलंय. ती कबूल करत नाही, पण सध्या माझ्याशी फार गोड बोलते, त्यावरून कळलं. पोती काढली. सुताराला बोलावून खाली वायरींसाठी एक खण करायला सांगितलाय. तारवाल्यानं ते बघितलं आणि म्हणाला, "मग हे माझ्या बाजूला सरकवायला हवं." मी म्हटलं, हात लावून बघ. सध्या ते मध्ये आहे.

अर्ज देण्याआधी सही बघून घे. घाईत विभागप्रमुखाच्या चौकटीत केली होती, ती खोडून खाली पुन्हा केलीय. कुणी विचारलं तर सांग, मामा मोठ्या मनाचा आहे, दोन्हीकडून परवानगी देतो.

तुझा मामा

११ जुलै

चि. गोटी हिस अनेक अनेक आशीर्वाद.

आक्कानं कळवलं! तिचा निरोप असा, इलेक्ट्रिकलला एकच जागा होती आणि ती गोटीला मिळाली. एवढं कळल्यावर बाकीचं मला कुणी कळवायची गरज उरली नाही.

हार्डवेअरवाल्याला सांगितलं, "अख्ख्या कॉलेजात शाखा बदलायला झुंबड, जागा एक, आणि शेकडोंतून उचललं ते आमच्या पोरीला." त्यानं साडूच्या मुलाची गोष्ट काढली, मी म्हटलं, तिथं डोकं लागतं. औषधवाल्याला सांगितलं. न्हाव्याकडे केस कापायची गरज नव्हती, तरी जाऊन बसलो आणि सांगितलं. लिफ्ट तपासताना जे कुणी आत येतं त्यालाही सांगतो, वरच्या मजल्याचं असेल तर सविस्तर.

तारवाला माझ्याही पुढं गेलाय. तो हजार म्हणतो. शिवाय म्हणतो की मुलाखतीत गोटीचं पहिलं उत्तर ऐकलं आणि साहेबांनी बाहेर बसलेल्यांना घरी पाठवून दिलं. मामी म्हणाली, "जरा कमी करा." मी म्हटलं, आकड्यांचं खातं त्याचं, मी कसा अडवू?

मुलाखतीत काय काय विचारलं ते नीट लिही. म्हणजे सांगताना चुकायला नको.

तुझा मामा

१९ जुलै

ती. मामास साष्टांग नमस्कार.

सुट्टीतले दोन्ही विषय सुटले आणि आजपासून मी रीतसर इलेक्ट्रिकलची. लॅबवाल्या काकांनी माझं नाव वहीत घातलं आणि म्हणाले, "आमच्या विभागाची झालीस, आता तूही पंखा चालू ठेवून जाशील." मी म्हटलं, सवय लागलीय, सुटायची नाही.

मुलाखतीला विभागप्रमुख एकटेच होते. ड्रॉइंगचे मार्क बघून म्हणाले, "एवढं चांगलं चाललंय, मग इकडे कशाला?" मी त्यांना तिसरा मजला, सातवा मजला सगळं सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "मग कळलं का, आधी कुणाकडे जाते?" मी म्हटलं, वरच्या दिशेनं निघालेली असेल तर आधी सातव्याकडे, वाटेत वर जाणारं कुणी असेल तर त्यालाही घेते, आणि मग खाली वळते. ते म्हणाले, "कुठं शिकलीस?" मी म्हटलं, तुमच्या लॅबमध्ये, परवानगी न घेता. मग त्यांनी तुझी ती खोडलेली सही बघितली, त्यांच्या चौकटीतली, आणि तिच्याच शेजारी उरलेल्या जागेत स्वतःची केली.

तारकाकांचं पत्र आलंय. आयुष्यात पहिल्यांदा. "मोठी झालीस, आता सांगतो," एवढी सुरुवात आणि मग पानंच्या पानं आकृत्या. शेवटी लिहिलंय, मामाला दाखवू नकोस, तो यात दोर कुठंय विचारेल.

टेबल मध्येच राहू दे. दोघांच्याही बाजूला सरकवू नकोस. मी सुट्टीत येते तेव्हा मला एका हाताला तू हवायस आणि एका हाताला ते.

तुझी गोटी

ता. क. मामीनं कळवलंय, न्हाव्याच्या दुकानात आकडा आता दोन हजारांवर गेलाय. मी तुला अडवत नाही, तू सांगतोस म्हटल्यावर मलाही ते खरं वाटायला लागतं. पण मी आल्यावर कुणी मलाच विचारलं तर माझ्याच्यानं खोटं बोलवणार नाही, म्हणून आधी सांगून ठेवते. झुंबड होती, ती सगळी कॉम्प्युटरच्या दाराशी. इलेक्ट्रिकलला जागा एक होती आणि अर्जही एकच आला होता.